बरणीत परत गेलेली चिठ्ठी

माझ्यावर रागावलेली माणसं या गावात पुष्कळ आहेत. गणित शिकवणाऱ्या बाईला गोड बोलून भागत नाही, आणि मला तर गोड बोलता येतच नाही. पण मी स्वतः मुळापासून राग धरला तो एकाच बाईवर. ती आजही दारात आली तर मी चहा ठेवते, साखर नीट घालते, आणि ती जाईपर्यंत माझे दात एकमेकांवर दाबलेले असतात.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. कोल्हापुरातल्या एका शाळेत मी गणित शिकवत होते. अकरावी-बारावीचे वर्ग शाळेला जोडून होते, तिथलं गणितही माझ्याकडंच. संस्था मोठी होती. तिच्या शाखा कागलला, जयसिंगपूरला आणि एक पार चंदगडच्या डोंगरात. शाळेत आम्ही दहाजण असे होतो की अनुदान आलं तेव्हा एकाच दिवशी कायम झालो. त्यामुळं आमच्यात ज्येष्ठ कोण आणि कनिष्ठ कोण, याला उत्तरच नव्हतं. वयानं कुणी पुढं, कुणी मागं, पण नोकरीची तारीख सगळ्यांची एकच.

शाळेत शिकवण्यापलीकडची कामं तर किती! दुसऱ्या शाखेत परीक्षेवर देखरेख, मतदार यादी, पोलिओचा रविवार, कुणीतरी मोठा माणूस येणार म्हणून स्वागताला पोरं घेऊन उन्हात उभं राहणं. ही कामं हेडसर वाटायचे, म्हणजे समोर दिसेल त्याच्या गळ्यात मारायचे. चलाख माणूस त्यांना कधी दिसायचाच नाही. त्यावरून स्टाफरूममध्ये रोज वाजायचं. एकदा तर चित्रकलेच्या सरांनी खडूचा डबा जमिनीवर आपटला, आणि ते बिचारे एरवी तोंडातून शब्द न काढणारे.

तेव्हा मी बरणी आणली. घरी लोणच्याची चिनी मातीची एक बरणी झाकण फुटून पडली होती. ती धुतली, दोन दिवस उन्हात ठेवली, तरी वास काही जाईना. तीत दहाजणांच्या नावाच्या दहा चिठ्ठ्या टाकल्या. काम आलं की हेडसरांनी एक काढायची. निघालेली चिठ्ठी परत आत टाकायची नाही, ती टेबलाच्या खणात. सगळ्यांची एकेक पाळी होऊन बरणी रिकामी झाली, की मग दहाच्या दहा पुन्हा आत. कुणाची दोनदा पाळी नाही आणि कुणाची चुकणार नाही.

अकरावीला मी हेच शिकवायचे. दहाजणांतून दोघं निवडायचे, पहिल्याला परत न ठेवता. पहिला बाहेर गेला की उरले नऊ, मग दुसरा त्या नऊजणांतून. पोरं दरवर्षी हटून बसायची की आधी काढेल त्याचा फायदा असतो. मी फळ्यावर मांडून दाखवायचे, की बाबांनो, आधी काढा नाहीतर मागनं काढा, सुरुवातीला प्रत्येकाची त्या दोघांत येण्याची शक्यता सारखीच, पाचात एक. ते उत्तर जुळलं की मला अजून आनंद व्हायचा. इतका न्याय माणसांच्या व्यवहारात कुठं सापडत नाही, आणि तो आपण शाळेत आणून ठेवला, असा एक ताठाही होता. आता वाटतं, पुस्तकातल्या चिठ्ठ्यांना कान नसतात, एवढं एक वाक्य पुस्तकवाल्यांनी छापायला हवं होतं.

एक सूट मात्र मीच नियमात घातली होती. ज्याचं नाव निघालं त्याला खरीच अडचण असली आणि दुसरा आपणहून त्याच्या जागी गेला, तर जाणाऱ्याची चिठ्ठी खणात ठेवायची आणि अडचणवाल्याची परत बरणीत. त्याची पाळी पुढं कधीतरी येईल. घरात आजारपण असतं, लग्न असतं, म्हटलं माणुसकी असू दे.

आणि आता ती. हिंदी शिकवायची. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणायची, आणि माझं ऐकून निम्मी शाळा अक्का म्हणायला लागली. आमचा डबा एकत्र. तिच्या डब्यातली मेथी मला आणि माझ्यातला खर्डा तिला, हे न विचारता चालायचं. माझं बाळंतपण झालं तेव्हा माझ्या आईला वारून वर्ष झालं होतं. अक्का शाळा सुटल्यावर बसनं गडमुडशिंगीला आमच्या घरी यायची आणि माझ्या सासूबाईंच्या हातातलं बाळ घेऊन म्हणायची, "तुमी जरा पाठ टेका, मी बघतो." तिनं केलेले डिंकाचे लाडू मी महिनाभर खाल्ले. सख्खी मोठी बहीण मला नव्हती. असती तर ती अशीच असती, असं मी चारचौघांत म्हटलेलं आहे. ते आठवलं की अजून जीभ चावावीशी वाटते.

मुलगी तीन वर्षांची झाली होती. तिची छाती जन्मापासून नाजूक. गार वारं लागलं की भरायची, घरघर सुरू व्हायची आणि ताप चढायचा. माझे मालक कागलच्या कारखान्यात, पाळ्या बदलत्या. सासूबाईंना गुडघ्यांनी धरलेलं. म्हणजे मी संध्याकाळी घरी पोचणं हेच पोरीचं मुख्य औषध होतं. डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं, की हिला ओल आणि गारठा यांपासून जपा.

त्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपली आणि शाळेत एक नवलच घडायला लागलं. काम आलं की चिठ्ठी काढायच्या आधीच कुणीतरी म्हणायचं, "सर, मी जातो." पोलिओला इतिहासाचे सर आपणहून गेले. त्यांनी आधीच्या वर्षी त्याच कामावरून भांडण काढलं होतं. मतदार यादीला भूगोलाच्या बाई. स्वागताला उन्हात उभं राहायला तर दोघंजण एकदम तयार. आपणहून गेलं तरी पाळी झाली असंच धरायचं, त्यामुळं त्यांच्या चिठ्ठ्या बरणीतून निघून खणात जात राहिल्या. मी घरी मालकांना सांगितलं, "बघा, माझ्या बरणीनं माणसं सुधारली." ते म्हणाले, "मास्तर सुधारलेत हे मी पहिल्यांदा ऐकतोय." मी त्यांच्यावर दिवसभर रुसून होते.

त्याच दिवसांत संस्थेच्या जयसिंगपूरच्या शाखेत सराव परीक्षेवर देखरेख करायचं काम आलं, सलग चार दिवस. त्या वेळी कुणी पुढं झालं नाही, चिठ्ठी काढली आणि ती माझी निघाली. नेमका त्याच दिवशी पोरीला ताप. मी काही बोलायच्या आत अक्का उठली.

"लेकरू तापानं फणफणलंय आणि ही कुठं जयसिंगपूरला जाती? ऱ्हाऊ दे. मी जातो की हिच्या बदली."

"अगं अक्का, चार दिवस आहेत."

"असू देत की. मला काय धाड भरलीया?"

तिनं बरणीत हात घालून स्वतःची चिठ्ठी शोधली, ती खणात टाकली आणि माझी परत बरणीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिचा हात धरून ठेवला होता, सगळ्यांच्या समोर. स्टाफरूममध्ये त्या वेळी एक विचित्र शांतता झाली. मला वाटलं, तिच्या मोठ्या मनानं सगळे भारावले.

उन्हाळा तोंडावर आला तेव्हा हेडसरांनी मीटिंग बोलावली. इंग्रजी शाळांमुळं आमच्या तुकड्या कमी होत चालल्या होत्या. दोन शिक्षक जास्तीचे ठरले आणि जूनपासून त्यांनी चंदगडच्या डोंगरातल्या शाखेत जायचं. संस्थेच्या कार्यालयानं कळवलं होतं की दहाजणांची तारीख एकच असल्यानं कोण जाणार ते शाळेनंच ठरवावं. हेडसरांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि बरणी पुढं ओढली.

बरणीत तीन चिठ्ठ्या होत्या. चित्रकलेचे सर, खेळाचे सर आणि मी. चित्रकलेचे सर त्यांच्या रंगांच्या खोलीतून बाहेर येत नसत, खेळाचे सर कबड्डीची पोरं घेऊन कायम मैदानावर, आणि मी मधल्या सुट्टीत कच्च्या पोरांना गणित सांगत बसलेली. स्टाफरूमच्या गप्पांत नसणारे आम्ही तिघं. हे मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मला फक्त आकडा दिसला. तिघांतून दोघं जाणार.

मी उभी राहिले. म्हटलं, "सर, ही काय एक-दोन दिवसांची ड्यूटी नव्हे. ही बदली आहे. दहाच्या दहा चिठ्ठ्या परत टाकायला हव्यात."

"बाई, नियम तुमचाच न्हवं?" हेडसर म्हणाले. "निघालेली चिठ्ठी परत जात न्हाय, हे तुमीच आमाला शिकवलासा. सातजणांनी आपापली पाळी केलीया. आता तुमच्या सोयीसाठी नियम मोडू काय?"

सात माना हलल्या. मी अक्काकडं बघितलं. ती नेहमी माझ्या बाजूनं बोलायची, आणि तिच्या आवाजापुढं हेडसरही नमायचे. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत होती. मला वाटलं, हिला रडू येतंय.

पहिली चिठ्ठी चित्रकलेच्या सरांची निघाली. उरलो खेळाचे सर आणि मी. दोघांतून एक. माझ्या मनात तेव्हा देव आला नाही, पोरगी आली नाही. अकरावीच्या फळ्यासारखं ते दोनात एक नुसतं डोळ्यांपुढं उभं राहिलं. मग हेडसरांनी माझं नाव वाचलं.

अक्का धावत आली आणि तिनं मला मिठी मारली. ती खरंच रडली. ते रडणं खोटं होतं असं मी अजूनही म्हणत नाही, आणि तीच तर खरी पंचाईत आहे.

पुढं आठवडाभर घरात तोच विषय. चंदगडकडचा पाऊस म्हणजे भिंतींना पाझर फुटतात. तिथं पोरीला नेणं डॉक्टरांनी साफ नाकारलं. नोकरी सोडावी तर घराचे हप्ते मालकांच्या पगारात निघणारे नव्हते. ठरलं ते असं की मी तिथं खोली घेऊन राहायचं, शनिवारी दुपारच्या एसटीनं यायचं आणि पोरगी सासूबाईंजवळ. सासूबाईंच्या सोबतीला कुणीतरी हवं होतं, निदान अधूनमधून डोकावणारं. मला एकच नाव सुचलं. एका रविवारी मी अक्काच्या घरी गेले, तिला हात जोडून विचारायचं ठरवूनच.

ती स्वयंपाकघरात होती. तिच्या मालकांनी मला बसवलं. साधा मनमोकळा माणूस, दुधाचा धंदा करायचा आणि मोठ्यानं बोलायचा.

"या ताई, बसा. वाईट झालं बगा. दोन नावं निघायची, त्यात एक तुमचंच! पन आमची मातुर सुटली बाबा. दिवाळीपासनं हिला झोप न्हवती."

मी म्हटलं, "दिवाळीपासनं?"

"व्हय की. भाऊबीजेला हिचा भाऊ आलता, त्यो संस्थेच्या हापिसात हाय न्हवं, त्यानंच सांगितलं, दोघं जानार आनि नावं शाळेतल्या बरनीतनंच निघनार म्हून. ते तुमाला बी म्हाईत असंलच की. तुमच्या दोघींत काय लपून ऱ्हातंय व्हय?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. मी बसल्या जागी गणित मांडत होते, दुसरं काही करताच येत नव्हतं. भाऊबीज आधी. जयसिंगपूरचं काम नंतर. माझी चिठ्ठी खणात राहिली असती तर माझ्यावर काही येण्याची शक्यता शून्य होती. अक्काची बरणीत राहिली असती तर तिची तीनात दोन. तिनं ते शून्य माझ्याकडून घेतलं आणि आपले तीनात दोन माझ्या पदरात टाकले. आणि मी सगळ्यांसमोर तिचा हात धरून रडले होते.

ती चहा घेऊन बाहेर आली. चेहरा उतरलेला, पण आवाज नेहमीचाच, खणखणीत.

"मी काय खोटं केलं सांग. कायदा तुझाच हाय. तुझं लेकरू आजारी होतं हे काय खोटं होतं? मी जयसिंगपूरला चार दिवस उभी ऱ्हायलो, ते खोटं होतं?"

"मला सांगायचं तरी होतंस, अक्का."

"सांगितलं असतं तर तू आपली चिठ्ठी परत टाकू दिली असतीस?"

दिली नसती. कुणीच दिली नसती.

"माझी दोन पोरं, एक धावीला, एक बारावीला," ती म्हणाली. "मी गेलो असतो तर त्यांची वर्सं वाया. तुझी बारकी हाय. बारकी लेकरं कुठंबी रुळत्यात."

त्या वाक्यावर मी उठले. चहा तसाच राहिला. तिच्या मालकांना शेवटपर्यंत कळलं नाही की काय झालं, ते मागून ओरडत होते, "अवो ताई, च्या तरी घ्या!"

दिवाळीनंतर शाळेत जे जे पुढं होऊन कामाला गेले, त्या सगळ्यांना ठाऊक होतं. अक्कानं एकीला सांगितलं, तिनं दुसऱ्याला, आणि असं करत सहाजणांपर्यंत ते गेलं. मग अळीमिळी गुपचिळी. सहाजणांपर्यंत गोष्ट पोचली, आणि तिच्या डब्यातली मेथी रोज खाणारीपर्यंत तेवढी पोचली नाही. बाकीच्यांचा मला राग आला आणि गेलाही. त्यांनी माझ्या बाळंतपणात लाडू केले नव्हते. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले होते. आपण जातं फिरवणाऱ्या जागी बसलो आहोत, हे कळायला तिशी उलटावी लागली.

चंदगडच्या डोंगरात मी पाच वर्षं काढली. तिथली पोरं गुणी होती, माणसं चांगली होती, आणि मला त्यातलं काहीही नको होतं. पावसाळ्यात घाटात एसटी अडकली की शनिवार जायचा. मग पोरगी शेजारच्या फोनवर यायची आणि फोनमध्ये बोलायचीच नाही, नुसता श्वास ऐकू यायचा. मी तो श्वास घरघरतोय का ते ऐकत राहायची.

आणि अक्का माझ्या घरी जात राहिली. मी तिला कधी विचारलंच नव्हतं, तरी ती आठवड्यातून दोन-तीनदा शाळा सुटल्यावर गडमुडशिंगीला जायची. पोरीच्या छातीला ओव्याची पुरचुंडी शेकायची, वेण्या घालायची, पाढे म्हणून घ्यायची. एकदा पोरीचा श्वास फारच अडकला तेव्हा मालकांची रात्रपाळी होती. अक्कानंच तिला मांडीवर घेऊन रिक्षानं दवाखाना गाठला. सासूबाई मला सांगायच्या, "सख्खी भन बी करनार न्हाय एवढं. तिच्या पाया पड." मी मान हलवायची. तिला येऊ नकोस म्हणायची सोय नव्हती. ती आली नाही तर पोरीकडं कोण बघणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. माझ्या पोरीपासून मला जिनं तोडलं, तिच्याच जिवावर माझी पोरगी वाढत होती.

पाप धुऊन काढायला येत होती का ती? का पोरीचा लळाच लागला होता? मला माहीत नाही आणि मला ते माहीत करून घ्यायचंही नाही.

खेळाचे सर निवृत्त झाले, जागा झाली आणि मी परत आले. मुलगी नववं लागलेली, उंच, बडबडी, छाती बरीच सुधारलेली. माझ्याशी आदबीनं वागायची. पाहुण्या बाईशी वागावं तशी. जेवताना विचारायची, "आणि भात वाढू का?" अक्का दिसली की मात्र पळत जाऊन तिच्या कमरेला मिठी. नवा फ्रॉक आधी तिला दाखवायची. चिडली की म्हणायची, "अक्का असं करत न्हाय."

एका संध्याकाळी अक्का येऊन, चहा पिऊन गेली. मी तिच्याशी तीन शब्द बोलले असेन. मुलगी दारात उभी राहून तिला वळणापर्यंत हात करत होती. मग आत येऊन माझ्यासमोर ठाकली, कमरेवर हात ठेवून, अगदी अक्कासारखी.

"तू अक्काशी नीट का बोलत न्हाईस? तिनं तुझं काय वाईट केलंय?"

मी म्हटलं, सांगावं. मोठी झाली आहे, कळेल तिला. मी शब्द जुळवायला लागले. तिला बरणी माहीत नव्हती, चंदगड म्हणजे आईचं गाव एवढंच ठाऊक होतं. फिरवून फिरवून जे माझ्या तोंडून निघालं, ते एवढंच होतं:

"तू तीन वर्षांची होतीस. तुला ताप आलेला. माझी बाहेरगावी ड्यूटी लागली होती, तर माझ्याऐवजी ती गेली."

मी अक्काचा रिकामा कप उचलला.

"मग?" ती म्हणाली. "चांगलंच केलं की."

आणि चपला घालून अक्काच्या मागं पळाली, तिला बसथांब्यापर्यंत सोडायला.